सहाव्या नावापुढचा लाल ठिपका

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या संस्थेची स्मरणिका टपालानं घरी आली. तिच्यात माझा दोन पानांचा हिंदी लेख आहे. आमचा पहिला ऑनलाइन अभ्यासक्रम कसा उभा राहिला आणि शिकणाऱ्यांनी एकेकट्यानं न शिकता गटानं, एकमेकांच्या सोबतीनं शिकावं म्हणून तो कसा रचला, त्याची ती हकिकत. सोबत माझा बराच जुना फोटो छापलाय. त्यात केस आहेत.

बायकोनं जेवण झाल्यावर लेख वाचायला घेतला. लखनौत चाळीसच्या वर वर्षं काढली तरी हिंदी ती ओळीवर बोट ठेवूनच वाचते. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"अहो, ही 'डिज़ाइन टीम' म्हणजे कोण?"

"टीम म्हणजे टीम. आमची."

"एकटीच तर होती ती. आपल्याकडे थालीपीठ खायला यायची, छेदवाली रोटी म्हणायची. टीम कुठली?"

मी पेपर उघडला. तिनं अंक त्या ओळीवर उघडाच ठेवला.

ती ओळ अशी आहे: "आरंभ में डिज़ाइन टीम से कुछ त्रुटियाँ रह गईं, जिन्हें बाद में सुधार लिया गया।" लेखातलं बाकी सगळं खरं आहे, ही ओळ खोटी आहे. चूक एकच होती आणि ती माझी होती. ती करण्याआधी त्या मुलीनं मला लेखी सांगितलं होतं की सर, हे करू नका. तरी ठपका तिच्यावर आला आणि तिचं काम गेलं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी तोच ठपका तिच्यावर पुन्हा ठेवला, या वेळी छापून. म्हणून हे लिहायला बसलोय. नाव कुणाचंच लिहीत नाही. लिहायचंय ते मी काय केलं तेवढंच.

मी सातारा जिल्ह्यातला. पिण्याच्या पाण्याची तपासणी हा माझा विषय, आणि त्याच कामासाठी विशीत लखनौला आलो. उत्तर प्रदेशातल्या छोट्या गावांमधल्या पाणी-प्रयोगशाळांचे लोक आमच्या संस्थेत प्रशिक्षणाला येत. दोन आठवडे वसतिगृहात राहत, एकत्र जेवत. खरं शिक्षण वर्गात कमी आणि पायऱ्यांवर विड्या ओढताना जास्त व्हायचं. एकाला नायट्रेटची चाचणी जमली नाही की दुसरा म्हणायचा, चल, दिखाता हूँ. टाळेबंदीत हे सगळं बंद पडलं. मी तेव्हा निवृत्त होऊन मानद सल्लागार होतो. संस्थेनं सांगितलं, प्रशिक्षण ऑनलाइन करा. आम्ही माझी चौदा व्याख्यानं चित्रित करून टाकली. पहिलं व्याख्यान सगळ्यांनी पाहिलं. चौदावं मी आणि कॅमेरावाला सोडून कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

मग ती आली. लखनौचीच, तिशीतली, एक वर्षाच्या करारावर. अभ्यासक्रम कसे रचायचे हेच तिचं शिक्षण होतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "सर, लोग वीडियो से नहीं टिकते, लोगों से टिकते हैं." मला जरा राग आला होता. व्याख्यानं माझी होती.

तिनं सहा-सहांचे गट केले. ते करायला तिला नऊ दिवस लागले. प्रत्येकाला फोन करून विचारायची: घरी फोन कुणाचा, नेट कधी मिळतं, टायपिंग येतं की बोलून पाठवणार. सगळे हुशार एका गटात यायला नकोत आणि एकाच कार्यालयाचा साहेब आणि शिपाईही एका गटात नकोत, असं ती जुळवायची. एकट्याला करताच येऊ नयेत अशी कामं तिनं आखली. सहा जणांनी आपापल्या गावचं पाणी तपासायचं, सहा आकडे एका तक्त्यात मांडायचे आणि कुणाचा आकडा वेगळा का आला यावर भांडायचं. "भांडायचं" हा तिचा शब्द. "झगड़ा नहीं होगा तो सीखेंगे कैसे?"

पहिल्या आठवड्याच्या प्रश्नावर तर ती चार दिवस बसली होती. मी सुचवलं होतं: पाण्याच्या शुद्धतेचे निकष लिहा. तिनं प्रश्न ठेवला: तुमच्या गावात लोक कुठल्या पाण्याला गोड म्हणतात? झाडून सगळ्यांनी उत्तर दिलं. ज्यांना निकष पाठ नव्हते, त्यांनी सगळ्यात लांब दिलं.

यात माझी भर काय, तर कुलूप आणि ठिपके.

आमच्या शाळेत लेझीम असायची. एकाचा ठेका चुकला की मास्तर शिट्टी फुंकत आणि सगळी रांग पहिल्यापासून. मला ती पद्धत फार आवडायची. आता कळतं, मी कधी चुकलो नव्हतो म्हणून आवडायची. मी ठरवलं की गटातल्या सहाही जणांचं काम आल्याशिवाय त्या गटाचा पुढचा धडा उघडायचा नाही. आणि गटाच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढं ठिपका. काम झालं तर हिरवा, राहिलं तर लाल, सगळ्या गटाला दिसेल असा. मागं राहिलेल्याला बाकीचे हात देतील, पायऱ्यांवर द्यायचे तसा, असं मी म्हणत होतो. तेवढंच नव्हतं ते. माणसाला लाज वाटली की तो काम करतो, असं मला आतून वाटत होतं.

ती म्हणाली, "सर, सीढ़ियों पर किसी के माथे पे लाल बत्ती नहीं जलती थी."

"शिस्त हवी," मी हिंदीत म्हणालो. "अनुशासन भी कोई चीज़ है."

त्याच दिवशी तिनं मेल पाठवला. तो माझ्याकडं अजून आहे. "सर, यह निशान सिर्फ़ हमें दिखना चाहिए, पूरे ग्रुप को नहीं। जो पीछे है, उसे पहले से पता है कि वह पीछे है।" मी उत्तर पाठवलं: "देख लिया।" आणि संगणक विभागाला ठिपके बसवायला सांगितले.

पहिल्या बॅचच्या चौथ्या गटात एक गृहस्थ होते. बसनं तीन तासांवरच्या एका कसब्यात, प्रयोगशाळा परिचर म्हणून तीस वर्षं नोकरी झालेले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. हा अभ्यासक्रम पुरा केला की त्यांना तंत्रज्ञ म्हणून बढती मिळणार होती, आणि नुसत्या पगारासाठी ती हवी होती असं नाही. तीस वर्षं नमुने ते घेत होते आणि सही दुसऱ्याची व्हायची. घरात फोन एकच. तो मुलगी नर्सिंगच्या कॉलेजात घेऊन जायची आणि सहा वाजता परत आणायची. गटाची भेट मी चारला ठेवली होती. फोनची ही अडचण गट करतानाच तिनं विचारून लिहून ठेवली होती आणि गटांनी आपापली वेळ ठरवावी असंही सुचवलं होतं. मी म्हटलं होतं, मग वेळापत्रकाला अर्थ काय?

पहिल्या आठवड्यात त्यांनी गोड पाण्यावर बोलून पाठवलं होतं. ते आम्ही दोघांनी कार्यालयात दोनदा ऐकलं. त्यांच्या बाटल्यांचा फोटोही आला होता. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, जागा, अक्षर छापल्यासारखं. नमुना कसा घ्यावा हे माझ्या व्याख्यानात पाहण्यापेक्षा त्या फोटोत पाहावं असं होतं ते.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचं काम उशिरा यायला लागलं. नमुना घेतानाचा व्हिडिओ पाठवायचा होता. तो चढायचा नाही, निम्म्यावर अडकायचा. पाच ठिपके हिरवे, सहावा लाल, आणि गटाचा पुढचा धडा बंद. गटातले संदेश मी रोज वाचत होतो.

"चाचा, आज भी लाल?"

"चाचा का सिगनल डाउन है. गाड़ी यहीं खड़ी रहेगी."

"आलमबाग बस अड्डा समझो भाई. टिकट कटा के बैठे रहो."

एका बाईंनी लिहिलं, "रहने दो, बड़े हैं." तीन दिवसांनी त्याच बाई: "चाचा जी प्लीज़, मेरी भी छुट्टी ख़त्म हो रही है."

मी त्या आठवड्याच्या अहवालात लिहिलं की गटातला संवाद वाढतो आहे.

मग एका संध्याकाळी सव्वासहाला त्यांचा फोन आला. मदतीसाठीचा नंबर दुपारनंतर माझ्याकडं असायचा.

"साहब, नमस्कार. ग्रुप चार से बोल रहे हैं. हमारा वाला लाल ही रहता है."

"काम भेजा आपने?"

"काम तो कर लेते हैं, साहब. बोतल भी रखी है, कापी में भी चढ़ा दिया है. फ़ोन बिटिया ले जाती है. वीडियो आधा जाके रुक जाता है. काग़ज़ पे लिख के डाक से भेज दें तो चलेगा?"

चाललं असतं. मला फक्त "भेज दीजिए" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "देखिए, पाँच लोग आपके लिए रुके हैं. इतना तो सोचिए."

मग, "जी. सही कह रहे हैं." आणि त्यांनी माझी परवानगी घेऊन फोन ठेवला. "रखें, साहब?" असं विचारून.

दोन दिवसांनी गटाच्या पानावर त्यांचा संदेश आला. "मेरी वजह से पाँच लोग रुके हैं। मेरा नाम हटा दिया जाए। सबसे क्षमा।" चालू बॅचमधून नाव काढायची सोय मी ठेवली नव्हती. तिनं हातानं कुलूप काढलं आणि पाच जण पुढं गेले. सहावं नाव तिथंच राहिलं, लाल ठिपक्यासकट. तिनं त्यांना फोन करून पाहिला, कॉलेजात असलेल्या मुलीनं तो उचलला. पुढं त्यांनी परत कधी पान उघडलं नाही.

त्यांच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं संस्थेला पत्र लिहिलं. तीस वर्षांचा अनुभवी माणूस माफी मागून बाहेर का पडतो? संचालकांनी बैठक बोलावली. तेव्हाचे संचालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला फार मान देणारे. त्यांनी पान पडद्यावर लावलं आणि विचारलं, "यह सबके सामने लाल निशान, यह किसका निर्णय था?"

मी म्हणालो, "डिज़ाइन तो इन्हीं का है."

अभ्यासक्रम तिनं रचला होता, म्हणून वाक्य तसं खोटं नव्हतं. तसंच बनवलं होतं मी ते. ती माझ्या समोर बसली होती, लॅपटॉप उघडा. तिनं माझ्याकडं पाहिलं. संचालकांकडं नाही, माझ्याकडं. मी हात लांब करून बेल दाबली आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

तिचा करार पुढं वाढला नाही. शेवटच्या दिवशी ती घरी आली होती. बायकोनं थालीपिठं केली, तिनं दोन खाल्ली. मला "सर, चलती हूँ" म्हणाली. पुढल्या बॅचपासून ठिपके फक्त आम्हाला दिसतील असं केलं गेलं, म्हणजे तिनं मेलमध्ये लिहिलं होतं तसंच. त्या वर्षअखेरीस माझा शाल देऊन सत्कार झाला. गटानं शिकण्याचा प्रयोग माझा, असं भाषणात सांगितलं गेलं. मी ते ऐकून घेतलं.

स्मरणिका आली त्यानंतर आठवडाभर मी इथपर्यंतचं मराठीत लिहून काढलं. लिहून झाल्यावर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा संशय आला. तिला मराठी येत नाही. संस्थेत कुणालाच येत नाही. म्हणजे कबुली द्यायची ती अशा भाषेत, की जिचं नुकसान झालं तिला वाचताच येऊ नये. बायको म्हणाली, "फोन करा तिला आधी. लिहिणं पळून जात नाही."

ती आता हज़रतगंजात एका खाजगी कंपनीत आहे, अभ्यासक्रमच रचते. जेवणाच्या सुट्टीत भेटली. मेट्रोच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे बोलत होते. ती वरच उभी होती आणि हात द्यायला दोन पायऱ्या उतरली. चष्मा लागलाय तिला. आम्ही एका टपरीवर चहा आणि बन-मक्खन घेतलं आणि बाकावर बसलो. मी स्मरणिका दाखवली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पढ़ चुकी हूँ, सर. किसी ने भेजी थी."

मी म्हणालो की ती ओळ खोटी आहे, ठिपके माझे होते, आणि त्या दिवशी मी तुला पुढं केलं. हिंदीत हे म्हणताना माझी वाक्यं मोडत होती.

ती चहाचा कप फिरवत राहिली. "मेल खुला था मेरे सामने. दिखा सकती थी. सोचा, आप ख़ुद बोलेंगे. रुकी रही." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "फिर आपने चाय मँगा ली."

तिलाही ते आठवत होतं. माझ्या एकट्याच्याच डोक्यात ते राहिलं असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"मैं संचालक को चिट्ठी लिख रहा हूँ," मी म्हणालो.

"लिखिए." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "और चाचा को फ़ोन किया आपने?"

मी केला नव्हता. खरं सांगायचं तर सुचलंही नव्हतं. मी तिच्याशीच हिशेब मिटवायला निघालो होतो. तिनं तिथंच आपल्या फोनमधून नंबर काढून दिला. तिच्याकडं अजून होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला फोन लावला. आता फोन त्यांचा स्वतःचा आहे. मी कोण ते सांगितल्यावर एकदम, "अरे साहब! तबीयत ठीक है?" मला वाटतं, ते उभे राहून बोलत असावेत. ते परिचर म्हणूनच निवृत्त झाले. मुलगी नर्स झाली, कानपूरला असते. मी माफी मागितली, तर म्हणाले, "छोड़िए साहब, पुरानी बात है." मग, "वो लाल वाला अभी भी है?"

मी म्हणालो, असेल. मी ते हिरवं करून घेतो.

"नहीं, नहीं. हरा मत कराइएगा," ते घाईनं म्हणाले. "पूरा तो हमने किया नहीं था. झूठ हो जाएगा. बस, हट सके तो हटा दीजिए. बिटिया ने देखा था उस टाइम."

पत्र घेऊन मी स्वतः संस्थेत गेलो. आलमबागहून सरोजिनी नगरपर्यंत ऑटोनं. पत्रात सगळं लिहिलं होतं: निर्णय कुणाचा, विरोध कुणाचा, तिच्या मेलची प्रत, आणि स्मरणिकेच्या पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी ही विनंती. आताचे संचालक नवे आहेत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "सर, अब इतने साल बाद... इससे उन्हें भी क्या मिलेगा?" म्हणाले. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण छापा. "देखते हैं," म्हणाले आणि पत्र फाइलला लावलं. छापतील की नाही, सांगता येत नाही. मीही एकदा "देख लिया" लिहिलं होतं, असल्या शब्दांचं वजन मला माहीत आहे.

मग संगणक विभागात गेलो. तिथल्या बाईंनी जुनी बॅच उघडली. गट चौथा. पाच हिरवे, एक लाल. बाई म्हणाल्या, "सर, या तो हरा होगा या लाल. ख़ाली छोड़ने का ऑप्शन ही नहीं है इसमें. जिसने बनवाया, उसने रखा ही नहीं."

"मैंने बनवाया," मी म्हणालो.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन तिला फोन केला. ती कामात होती, घाईत म्हणाली, "निशान लगने से पहले का मेरा वाला पन्ना होगा वहीं, पुराने वर्ज़न में. उनसे कहिए, ढूँढें." बाईंना शोधायला वीस मिनिटं लागली, पण सापडलं. त्यांनी त्या गटापुरतं ते जुनं पान लावलं.

सहा नावं, एकाखाली एक, कुणापुढंच काही नाही. खाली पहिल्या आठवड्याचा प्रश्न, आणि त्याखाली सहा उत्तरं. सहावं बोललेलं होतं. बाईंनी ते लावलं. तोच आवाज, चार वर्षांनी तरुण. तहसीलच्या मागं एक विहीर आहे, तिचं पाणी तपासलं तर क्षार जास्त येतात, हे मला ठाऊक आहे, साहेब. पण गावात बाळंतिणीला तेच पाजतात आणि गोड म्हणतात. माझी आई तिथूनच आणायची. नोंदवहीत मी खारं लिहितो, घरी जाऊन गोड म्हणतो. आता दोन्हीतलं बरोबर कुठलं, ते आपण शिकवाल.

बाईंनी विचारलं, "फिर से चलाऊँ?" मी नको म्हटलं.

त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं की ठिपका निघाला. "बड़ी मेहरबानी, साहब," म्हणाले. मेहरबानी हा शब्द मला सहन झाला नाही, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

पानाचा फोटो काढून मी तिला पाठवला. खाली लिहिलं, "तुम्हारा वाला पन्ना मिल गया." तिनं वाचल्याची खूण दुपारीच आली. उत्तर आलेलं नाही. आज नववा दिवस आहे. बायको म्हणते, एकदा विचारून पाहा. मी विचारलेलं नाही.